आईंची चांदणी आणि माझं प्रॅक्टिकल

आधीच सांगून ठेवते, चहा हातात असेल तर खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना माझ्या मावसबहिणीच्या नाकातून चहा आला आणि तिनं दोष मला दिला! चुका कोण करत नाही हो? पण लोकांच्या चुका अशाच, चालता चालता होतात. माझी चूक मी मेहनत घेऊन केली. रोज थोडी थोडी, घरच्यांना कामाला लावून.

तर झालं असं. मी एका शाळेत बालवाडीला शिकवते. मुख्याध्यापिकाबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "वैशाली, जूनच्या आत बी.ए. पूर्ण कर. नाही तर तुझा वर्ग दुसरीला द्यावा लागेल. माझ्या हातात काही नाही." लग्नात अर्धवट सुटलेलं बी.ए. मी चाळिशीत पुन्हा धरलं होतं. सगळे पेपर कसेबसे निघाले. उरलं एकच, मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल. ते गेलं की वर्ग गेला.

आता मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल म्हणजे काय असतं, ठाऊक आहे? रसायनशास्त्रवाल्यांना नळ्या मिळतात. वनस्पतीशास्त्रवाल्यांना पानंफुलं मिळतात. आम्हाला माणूस लागतो. आणि तो कॉलेज देत नाही! आपला आपण घरून आणायचा. त्याला म्हणायचं प्रयोज्य. त्याच्यावर आपण प्रयोग करायचा, तो कसा शिकतो ते बघायचं, आलेख काढायचा आणि मग बाहेरगावचे परीक्षक आपल्याला सोलून काढणार.

कॉलेजच्या मॅडमनी वर्गात बजावलं होतं, "प्रयोज्य शांत स्वभावाचा आणा. आणि कोरा आणा, त्यानं हा प्रयोग आधी केलेला नको." मी दोन्ही वाक्यं ऐकली. पण पोटात भीती असली की माणूस सोयीचं तेवढंच ऐकतो. मी 'शांत' ऐकलं.

आमच्या यांची हिंगण्याच्या कंपनीत शिफ्ट, त्यांना सुट्टी मिळेना. शेजारीण तयार झाली, पण ती प्रयोग सोडून परीक्षकांनाच प्रश्न विचारेल अशी. राहिल्या सासूबाई. मी त्यांना आईच म्हणते.

आई चौथी शिकलेल्या. पण आमच्या घरात परीक्षा या शब्दाला फार मान. माझ्या पेपरांच्या काळात त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून मालिका पाहिल्या आहेत, नुसती तोंडं बघून! प्रयोज्य व्हाल का विचारलं, तर त्यांचे डोळे चमकले.

"मले? कॉलेजात? परीक्षेले?"

"परीक्षा माझी आहे आई. तुम्ही फक्त बसायचं."

"फक्त कशी बसीन वं? नाक कापाचं आहे का आपलं?"

खरं तर इथंच मी ओळखायला हवं होतं.

प्रयोग साधा दिसतो. कागदावर एक चांदणी छापलेली असते, दुहेरी रेघांची. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण हात आणि कागद फळीआड, आणि समोर उभा आरसा. आरशात बघूनच काढायचं! सोपं वाटतं ना? करून बघा. पेन्सिल वर न्यायला जावं तर ती खाली पळते. माणूस आधी भरपूर चुकतो, मग हळूहळू चुका कमी होतात. त्या कमी होणाऱ्या चुका म्हणजे शिकणं. आलेखाची रेघ उंचावरून उतरत उतरत खाली आली पाहिजे. प्रयोगाचा जीवच तो.

आणि मी काय केलं? आई भर परीक्षेत घाबरल्या, पेन्सिल टाकून उठल्या तर, या भीतीनं म्हटलं, घरी थोडा सराव करून घेऊ. थोडाच!

यांनी दाढीचा आरसा लाकडी पट्टीवर ठोकून दिला. फळीच्या जागी पोळपाट. पहिल्या दिवशी आईंनी चांदणीचं जे काही केलं ते पाहून आमचे हे म्हणाले, "आई, हे चांदणी होय का कोंबडीचा पाय?"

झालं! आईंना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी भांडी आटोपली की आई आरशासमोर. दुपारी आरशासमोर. मला एकदाही हात लावायला मिळाला नाही त्या आरशाला. यांची दाढीसुद्धा बाहेर न्हाव्याकडे!

मी पण काय कमी? मी त्यांना शास्त्र समजावत बसले. "आई, मेंदूत चेतापेशी असतात, लाखो करोडो. एक पेशी दुसरीला निरोप देते. नवीन काम शिकताना निरोपाची वाट सापडत नाही. पुन्हा पुन्हा केलं की वाट पक्की होते."

"म्हंजे इतवारीतल्या गल्ल्यांसारखं," आई म्हणाल्या. "नवी नवी आली तवा मी भांडेबाजारात जाऊन कापडबाजारात निंघो. आता डोळे मिटून जातो."

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! प्रयोज्य असावा तर असा. होळीनंतर तर आई चांदणी काढता काढता माझ्याशी गप्पा मारायला लागल्या. एक चूक नाही. मी टाळ्या वाजवायची. अहो, मी टाळ्या वाजवत होते! आपल्याच पायावर धोंडा पडतोय आणि वर टाळ्या!

परीक्षेचा दिवस. ऊन असं की स्कूटीची सीट शेकत होती. आईंनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती, चौदा एप्रिललाच बाहेर निघते ती. प्रयोगशाळेत कूलर घरघरत होता आणि प्रत्येक टेबलापाशी एकेक घरून आणलेला माणूस घाम पुसत बसला होता. परीक्षक सर खुर्चीत. जाड चष्मा, हसू नाही.

आईंनी आत शिरताच खणखणीत आवाजात "जयभीम, सर" घातला. सरांनी मान वर करून जयभीम केला आणि पुन्हा खाली घातली.

पाळी आली. मी सूचनेचं कार्ड वाचलं, घड्याळ सुरू केलं. आईंनी पेन्सिल उचलली आणि सर्रकन चांदणी पूर्ण. चूक शून्य.

आणि त्या क्षणी, कूलरसमोर उभी असताना, मला घाम फुटला. पहिल्याच प्रयत्नात चूक शून्य? मग पुढे कमी काय होणार? शिकणं दाखवायचं कुठून? मॅडमचं दुसरं वाक्य तेव्हा माझ्या कानात वाजलं. कोरा आणा. कोरा!

नियम असा की प्रयोग सुरू झाला की कार्डावरचंच बोलायचं. मी कार्ड तोंडासमोर धरलं आणि अगदी सरकारी आवाजात वाचल्यासारखं केलं, "प्रयोज्यास सूचना. चुका होणे स्वाभाविक आहे. आपण निःसंकोच चुका करू शकता. कृपया चुका कराव्यात."

आई आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. "काहून?"

"शूऽऽ"

"काहून चुकू वं? इतकी मेहनत काय चुकाले केली का?"

दुसरी चांदणी. शून्य. तिसरी. शून्य! मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. आईंनी पाय आवरून घेतला आणि टेबलाखाली वाकून पाहिलं, "मुंगळा आहे काय वं?"

मग आठवलं, शेवटची चांदणी डाव्या हातानं काढायची असते! आपण घरी डाव्या हाताचा सराव घेतलाच नव्हता. डाव्या हातानं तरी आई धडपडतील, चार रेघा ओलांडतील, माझी लाज राहील. मी मनोमन हात जोडले.

आईंनी पेन्सिल डाव्या हातात घेतली. जरा हळू गेल्या, एवढंच. चांदणी पूर्ण. शून्य.

पाठांतर केलेलं उत्तर मला तेव्हा खऱ्या अर्थानं कळलं बघा. शिकतो तो हात नाही, शिकतो तो मेंदू. एका हाताला शिकवलं की दुसऱ्यालाही बरंचसं आपोआप येतं. पुस्तकात हे वाचताना मी "वा!" म्हटलं होतं. आता रडू येत होतं.

सर टेबलापाशी आले. माझा आलेख उचलला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ, जमिनीला चिकटलेली.

"हा अध्ययनाचा वक्र आहे की मेट्रोची पटरी?"

सर आईंकडे वळले. "मावशी, हे तुम्ही याआधी केलं होतं का?"

मी आईंकडे असं बघितलं, असं बघितलं की दगडालाही कळलं असतं. पण आई सरांकडे बघत होत्या, अभिमानानं.

"रोज केलं न सर! पोरीनं लय मेहनत घेतली माह्यावर."

"म्हणजे प्रयोज्य शिकवून आणला?"

"मंग? बिन अभ्यासाचं कोणी परीक्षेले येते का?"

शेजारच्या टेबलावरचा प्रयोज्य फिसकन हसला. आमच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. सरांनी माझ्या कागदावर तिरकी रेघ ओढली आणि म्हणाले, "प्रयोग रद्द."

दोन शब्द! माझ्या डोळ्यांसमोर माझी बालवाडीची पोरं आली, त्यांच्या शेंबड्या नाकांसकट. वर्ग गेला. जूनमध्ये दुसरीच कुणीतरी त्यांना रांगेत उभं करणार. मला तिथंच हुंदका आला, चारचौघांत.

आईंना आता कळलं की काहीतरी बिघडलं. त्या उठल्या. इतका वेळ ताठ असलेल्या आई हात जोडून उभ्या राहिल्या. "सर, चूक माही आहे. मले नापास करा. मी चौथी शिकेल बाई, मले काय फरक पडते? पोरीची नवकरी जाईन सर."

खरं सांगते, लाज मला तेव्हा वाटली. त्यांची काय चूक? त्यांना तर आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मला विचारलं, "तुम्ही स्वतः केला आहे हा प्रयोग?"

"नाही सर."

"एकदाही नाही?"

"आरसाच रिकामा मिळाला नाही सर. कॉलेजात पाळी यायची तेव्हाही मी घड्याळच धरलं."

"खरं?"

"एकडाव तं हात लावू देला असता मी," आई पुटपुटल्या, "पन माहा सराव मोडला असता न."

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की राग, देव जाणे. त्यांनी मॅडमशी दोन शब्द बोलून घेतले आणि खुर्चीकडे बोट केलं. "बसा तिथे. प्रयोज्य तुम्ही. मावशी प्रयोग घेतील. आलेख आणि निष्कर्ष तुम्हीच लिहायचे. कोरा माणूस मिळाला आपल्याला."

आईंनी कार्ड घेतलं. डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत वाचलं. "आप-ल्या-समोर... आरशात... एक चांदणी... दिसत आहे." दिसत होती. मी पेन्सिल टेकवली.

आता पुढचं सांगताना तुम्ही माझ्याकडे बघू नका. मी पेन्सिल पुढे नेली, ती मागे आली. मागे नेली, ती आडवी गेली. चांदणीच्या बाहेर गेली, कागदाच्या बाहेर गेली, टेबलाच्या लाकडावर गेली! मेंदूतली एक पेशी दुसरीला ओळखच दाखवेना. घाम टपकतोय, आणि घरी सगळ्यांना चेतापेशी शिकवणारी बाई एका कोपऱ्यात अडकून गोल गोल रेघोट्या ओढतेय.

"अवं उलटं! उलटं घे न!" आईंना राहवेना.

"प्रयोगकर्त्यानं बोलायचं नाही," सर म्हणाले.

"बोलत नाही सर, पन पाहवते का तुमाले?"

शेजारच्या टेबलांवरचे प्रयोग थांबले. माणसं मान वर करकरून बघायला लागली. पहिली चांदणी संपली तेव्हा त्यात चांदणी कुठे आहे हे शोधावं लागलं. दुसरी जरा बरी. तिसऱ्यात कोपरे ओळखू येत होते. डाव्या हातापर्यंत आले तेव्हा मी बऱ्यापैकी दोन रेघांच्या मधे चालले होते.

आलेख काढला. रेघ कागदाच्या अगदी वरच्या टोकापासून सुरू झाली आणि घसरत घसरत, कुठेही न अडखळता, सुरेख खाली आली. सरांनी कागद उजेडाकडे धरला.

"मॅडम," ते आमच्या मॅडमना म्हणाले, "वक्र असावा तर असा. हा जपून ठेवा, पुढच्या बॅचला दाखवायला. इतक्या शून्यापासून सुरू झालेला प्रयोज्य मी आजवर पाहिला नव्हता."

मी पास झाले. चांगल्या गुणांनी झाले. जूनमध्ये वर्ग माझ्याकडेच राहिला. मी म्हटलं चला, झालं ते झालं, आता विषय मिटला.

मिटतो कसला! त्या आलेखाची झेरॉक्स आईंनी मॅडमकडून मागून आणली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. परवा भाच्याच्या साखरपुड्यात मी ताट घेऊन बसले होते आणि पलीकडे आई चार बायकांना तो कागद उलगडून दाखवत होत्या.

"हे पाय, इथून सुरू झाली. काहीच येत नव्हतं. मंग म्या घेतलं हाताखाली," बोट रेघेवरून खाली उतरवत आई सांगत होत्या. "तुमी मले म्हणत होत्या न, सुनेले आता काही शिकवूच नका, तिच्या डोक्यात काही शिरत नाही? शिरते वं. मोठ्या सरनं तपासून सांगतलं. टाईम लागते, पन शिरते."