हळदीची नखं

जवसाच्या तेलाच्या वासाने मला अजून दुबईच्या अल मनखूलमधला ओक्साना टीचरचा फ्लॅट, आमचा चित्रकलेचा क्लास, आठवतो. मी अकरा वर्षांची होते. मी आईचं चित्र काढलं होतं आणि तिची हळदीने पिवळी पडलेली नखं मुद्दाम गुलाबी रंगवली होती. क्लासमधल्या इतर मुलींच्या आयांची नखं पिवळी नसायची.

टीचरनी न रागावता एक पुस्तक उघडलं. त्यांच्या युक्रेनमधला, एकोणिसाव्या शतकातला एक चित्रकार रशियन साम्राज्याच्या राजधानीत श्रीमंतांची चित्रं काढून नावाजला गेला आणि मग गावी परतून शेतकऱ्यांची काढत राहिला. एका म्हातारीच्या चित्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही म्हणे हात धुवायला उठली होती. त्याने उठू दिलं नाही. नो वॉशिंग, हबीबी!"

तेवढ्यात आई मला न्यायला आली. "अगं, माझी नखं एवढी छान कधी होती?" ती हसली, पण हात पर्समागे गेला. ब्रश माझ्या हातातच होता. मी काहीच केलं नाही.

आज इतक्या वर्षांनी आईला चित्रासाठी बसायला सांगितलं, तर ती अर्धं लिंबू घेऊन नखं घासायला निघाली.

"आई, ते लिंबू ठेव. तशीच बस."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. मी नखांपासून सुरुवात केली.