विद्यापीठाचा ऊस आणि माझा पंचनामा

साल २०१८, महिना जानेवारी. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. बारामती तालुक्यात एक पोलीस दूरक्षेत्र होतं, म्हणजे मोठ्या ठाण्याची लहान चौकी. तिथं सहायक फौजदार म्हणून माझ्याकडं कारभार होता. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता पुसट झालेत. पण चाळीस उसांच्या चोरीचा तो गुन्हा दिवसवार डोळ्यांपुढं आहे. कारण त्यात चोर सापडायला उशीर झाला आणि तो उशीर माझ्यामुळं झाला.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं मेंढरं होती. दोघा भावांतल्या एकानं मेंढरांमागं जायचं होतं. मी थोरला, चौथीतून उठलो. धाकटा शिकत राहिला, शेतकीच्या विद्यापीठात गेला, तिथंच पीएचडी होऊन पुढं ऊस विभागाचा प्रमुख झाला. मी सातवीची परीक्षा बाहेरून दिली आणि शिपाई म्हणून भरती झालो. शिपायाचा सहायक फौजदार व्हायला तेहतीस वर्षं घासली, सेवापुस्तकात एक शिक्षा नाही. तरी कऱ्हाटीपासून कन्हेरीपर्यंत कुठंही बंदोबस्ताला जा, लोक ओळख करून द्यायचे, "हे आपल्या डॉक्टरसाहेबांचे भाऊ."

ते मला लागायचं. आणि भावावरचा राग मी विद्यापीठावर काढायचो. आमचा सगळा मुलूख त्यांच्या वाणांनी भरलेला. पेपरात त्यांचे फोटो, बक्षिसं, परदेशातून बघायला येणारी माणसं. उसावरच्या रोगावरून दोघांत जुंपली आणि कुणी नुसतं म्हणालं, "विद्यापीठानं सांगितलंय," की दोघं गप्प. मी मारामारी सोडवताना घसा फोडायचो, तेव्हा एवढं कुणी ऐकत नव्हतं. भाऊ दरवर्षी शिवारफेरीला बोलवायचा. "ड्यूटी आहे," म्हणून मी कधी गेलो नाही. चहाच्या टपरीवर मात्र म्हणायचो की ह्या लोकांनी पुस्तकात बघून ऊस लावायचा आणि नाव कमवायचं, घाम आपल्या बापजाद्यांचा.

त्या सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना एक मुलगी चौकीत आली. विद्यापीठात पीएचडी करणारी. सांगवीच्या शिवारात एका शेतकऱ्याच्या रानात तिचा प्रयोग होता. एका नव्या उसाची चाचणी चालली होती, त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर. तो तीन वाफ्यांत लावलेला. तिन्ही वाफ्यांचं वजन त्याच आठवड्यात व्हायचं होतं. राखणदार लग्नाला गेला आणि तेवढ्यात एका वाफ्यातले चाळीस ऊस कुणी तोडले.

तिची फिर्याद लिहून घेतोय तोवर भावाचा फोन आला.

"दादा, हे प्रकरण तुझ्याकडंच आहे ना?"

"माझ्या हद्दीत चोरी झाली म्हणजे माझ्याकडंच येणार."

"गुरुवारी आमची समिती बसतेय. राखण ठेवली नाही, हा तिचा निष्काळजीपणा धरतील. प्रयोग काढून घेऊन दुसऱ्याला देतील. तीन वर्षांचं काम आहे तिचं. तो ऊस त्याआधी मिळाला आणि वजन झालं, तर मी काही बोलू शकतो."

"तू प्रमुख ना? मग तूच सोड तिला."

"तसं नाही चालत आमच्याकडं."

'आमच्याकडं' हा शब्द तो एकदाच बोलला, मला दोनदा ऐकू आला. फोन ठेवला.

पंचनाम्याला गेलो. हवालदार आणि दोन पंच वाफ्यात उतरले. मी बांधावर उभा राहिलो. बुटांना चिखल लागेल हे कारण सांगितलं, पण त्या रानात पाय ठेवायचीच इच्छा नव्हती. हवालदारानं आतून ओरडून सांगितलं, "साहेब, शेंड्याचं वाढं हितंच टाकलंय. बुडख्याची कांडकी बी हितंच पडल्याती."

मी म्हणालो, "बरं," आणि लिहायला सांगितलं की अज्ञात इसमानं द्वेषबुद्धीनं उसाची नासधूस केली.

पंचनाम्यात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं असतं, का केलं ते लिहायचं नसतं. हे मी नव्या शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी मीच ते मोडलं. माझ्या पोटात जे होतं तेच चोराच्याही पोटात असणार, असं मी धरून चाललो.

मग द्वेष करणारा माणूस शोधायला वेळ लागला नाही. जवळच एक तात्या होते, साठीचे. विद्यापीठवाले आधी त्यांच्या रानात आले होते. माती तपासून म्हणाले, तुमचं रान चोपण आहे, आणि शेजारचं धरलं. तात्या तेव्हापासून भर पारावर बोलायचे की बघू ह्यांचा ऊस कसा येतोय. रानमालकानं ते मला कानात सांगितलं. मला तेवढं बस झालं.

सोमवारी दुपारी तात्यांना चौकशीला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. मंगळवारी पुन्हा. हात लावला नाही, पण दोन दिवस गावादेखत चौकीच्या बाकावर बसणं माराहून कमी नसतं.

"तात्या, तुमच्या पोटात दुखत होतं का नव्हतं?"

"व्हय, दुखत व्हतं. माझ्या रानाला खारट म्हनले. कुनालाबी दुखंल."

"मग कबूल करा."

"काय कबूल करू? मला राग काढायचा असता तर काडी लावली असती. चाळीस ऊस तोडून कुनाचा राग जातोय?"

"ते मला सांगू नका. तुम्ही पारावर काय बोलला ते साक्षीदार आहेत."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "फौजदार, टपरीवर तुमी बी इद्यापीठाला कमी बोलत न्हाय. समद्या गावानं ऐकलंय. मग तुमाला कुनी बसवायचं बाकावर?"

ठाणे अंमलदार खाली बघून डायरी लिहायला लागला. मी तात्यांना बुधवारी परत यायला सांगितलं.

बुधवारी दुपारी ती मुलगी आली. वाफ्यात राहिलेली बुडख्याची कांडकी तिनं हवालदाराच्या परवानगीनं गोळा करून मोळी बांधली होती. ती चौकीच्या फरशीवर ठेवून म्हणाली, "साहेब, हे आणि वाढं वजन करून लिहिलंय. मधला ऊस मिळाला तर बेरीज करून वाफ्याचं वजन धरता येईल. उद्या समिती आहे."

मी मोळीकडं पाहिलं. सगळी कांडकी हात-दीड हाताची, जून, बुडाकडची. वाढं टाकलं, बूड टाकलं, मधला कोवळा ऊस नेला. मी मेंढक्याचा पोर असलो तरी ऊस लावलाय. नासधूस करणारा माणूस असं निवडत बसत नाही.

तात्या बाकावरून म्हणाले, "ह्याला नासधूस म्हनत न्हाईत. बेनं नेलंय कुनीतरी. लावायला कवळाच ऊस लागतो." मग मुलीकडं बघून म्हणाले, "पोरी, हे सोमवारीच हितं आणून टाकलं असतंस तर माझं दोन दिस वाचलं असतं."

ती म्हणाली, "सोमवारी साहेबांनी वाफ्यात बघितलं असेल, असं मला वाटलं."

मी टोपी घातली आणि मुलीला बरोबर घेऊन पाटकऱ्याकडं, म्हणजे पाटाचं पाणी सोडणाऱ्याकडं, गेलो. तोडलेलं बेणं फार दिवस ठेवता येत नाही, आणि लावायचं म्हणजे पाणी लागतं. त्या आठवड्यात पाटाच्या पाण्याची पाळी कुणाकुणाची होती, ती यादी पाटकऱ्याकडं असते. दोन नावं निघाली. पहिल्याच्या रानात काही नव्हतं. दुसऱ्याच्या घरामागं एकच सरी नवी लावलेली, ओली, आणि भोवती बाभळीचं ताजं कुंपण. एका सरीला कुणी कुंपण करत नाही.

मालक बहात्तर वर्षांचे आबा, बायकोबरोबर ओसरीत बसलेले. विचारल्यावर एका शब्दानं नाकारलं नाही.

"नेलंय मीच."

"आबा, सोसायटीचे जुने सभासद तुम्ही. आणि चोरी?"

"दुसऱ्या कुनाचं असतं तर हात लावला नसता. इद्यापीठाचं हाय म्हनून नेलं. त्यांचा ऊस कदी खोटा निघाला न्हाय. आता नाव पडायला, बेनं वाटायला चार-पाच वर्सं जातील. तवर मी असंन का?"

"मागायचं होतं."

"मागितलं. ही पोरगी म्हनली, आजून सिद्ध झालं न्हाय, देता येत न्हाय."

"लावलं कधी?"

"काल सकाळी पानी आलं तवा. सोमवारी आला असता तर गोनपाटाखाली व्हतं की समदं."

त्या म्हाताऱ्याचा मला हेवा वाटला नाही. ज्यांच्या उसासाठी बहात्तराव्या वर्षी माणूस चोर झाला, त्या विद्यापीठाचा वाटला. माझ्या शब्दावर कुणी असा जीव टाकला नव्हता.

मुलगी सरीत बसली, बेण्याचं एक टिपरं उकरून हातात घेतलं. माती लागलेलं, पाणी प्यालेलं; त्याचं खरं वजन आता निघणार नव्हतं. तिनं वही काढली आणि त्या वाफ्याच्या वजनाच्या रकान्यात आडवी रेघ मारली.

मी म्हणालो, "बाई, दोन वाफे शाबूत आहेत. त्यांच्यावरून अंदाजानं आकडा टाका की. कोण बघतंय?"

"नाही टाकता येत. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही. पहिल्याच वर्षी शिकवतात."

"कोण शिकवतं?"

"मोठे सर. तुमचे भाऊ."

संध्याकाळी तात्यांना जीपमधून घरी सोडलं आणि अंगणात त्यांच्या माणसांसमोर म्हणालो, "चूक माझी होती." तात्या म्हणाले, "दोन दिस बसवलंत तुमच्या बाकावर. आता घटकाभर आमच्या खाटंवर बसा." बसलो.

गुन्ह्याचं कायद्यानं व्हायचं ते पुढं झालं. वरच्या साहेबांनी फोन करून तपास उत्तम केला म्हणून सांगितलं. तपास उत्तम नव्हता. विद्यापीठाचं नाव मोठं का, ते मला त्या रेघेवरून कळलं. ते मला आवडलं नाही. आजही ते नाव कुणी घेतलं की पोटात थोडं दुखतं. पण तपास करणाऱ्यानं आपलं पोट दुखतंय हे आधी ओळखावं आणि मग दुसऱ्याच्या पोटात डोकवावं. नाहीतर आपल्यासारखा माणूस दिसला की तोच चोर वाटतो.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, गणवेश चढवला आणि बारामतीहून पहिली एसटी धरली. विद्यापीठाच्या फाटकातून मी जन्मात पहिल्यांदा आत गेलो. समितीच्या खोलीत भाऊ आणि चार मोठी माणसं बसली होती. मुलगी बाहेर बाकावर होती, तिला हाताला धरून आत नेलं. उभ्यानंच सांगितलं, "ऊस वेळेत मिळाला असता. पोलिसांनी दोन दिवस चुकीच्या माणसावर घालवले. ते पोलीस म्हणजे मी."

भाऊ हळू म्हणाला, "दादा, हे लेखी देशील? मग वाफा हिच्यामुळं गेला असं धरता येणार नाही."

"देतो."

त्यानं आपला पेन आणि कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. खुर्ची ओढून बसलो. आयुष्यभर जबाब मी सांगायचो आणि रायटर लिहायचा. माझं अक्षर मोठं, हात जड. चार ओळींना अर्धा तास लागला. तोवर त्या खोलीत कुणी बोललं नाही, आणि कुणी घड्याळही पाहिलं नाही.