त्रेचाळीस फुटांची दोरी

आमच्या बाईंची दोरी हा थट्टेचा विषय नव्हता. शाळेतल्या पी.टी.च्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्याच्या वरच्या खणात ती गुंडाळून ठेवलेली असे आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. पांढरी नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना एकेक गाठ. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत बरोबर चाळीस फूट. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी पिचर जिथं उभी राहते तिथपासून बॅटवालीच्या पुढ्यातल्या होम प्लेटपर्यंत एवढं अंतर हवं, असं बाईंच्या नियमावलीत लिहिलं होतं. नियमावलीही बाईंचीच. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकावरून त्यांनी ती मराठीत उतरवली होती आणि सायक्लोस्टाइल करून घेतली होती. रोज सरावाआधी दोघींनी दोरी ताणून धरायची, बाईंनी वाकून दोन्ही गाठी बघायच्या, मगच खेळ सुरू. मैदानावर चुन्याची खूण असली तरीही.

"खूण पायांनी पुसते. दोरी पुसत नाही," बाई म्हणायच्या.

त्या दोरीच्या एका गाठीवर मी पाच वर्षं उभी राहिले. मी बरी पिचर होते. बारावीला मात्र आई म्हणाली, चेंडू टाकून कुणाचं पोट भरलंय? तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यातल्या एकात माझं नाव घातलं गेलं. मी भांडले नाही. त्याचा राग मला पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. आईचा नव्हे, माझाच.

आईचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही. त्या क्लासच्या जोरावर मला हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. शनिवार-रविवार सुट्टी. इतकी सुट्टी घेऊन करायचं काय, म्हणून मी पुन्हा बाईंच्या मैदानावर जाऊ लागले. बाईंनी दहा वर्षांचा हिशेब एका वाक्यात मिटवला. "आलीस? बरं झालं. चेंडू मोज."

तिथं दहावीतली एक मुलगी होती. वडील अमरावतीकडचे, हडपसरच्या एका कारखान्यात कामाला. पोरीचा हात असा की चेंडू सुटला कधी ते प्लेटमागं झेलायला बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हजमध्ये आवाज झाल्यावर कळायचं. महिन्याभरानं देशाच्या ज्युनियर शिबिरासाठी राज्याची निवड चाचणी होती, तीन पिचर घेणार होते. वडिलांनी मला मैदानाच्या कडेला गाठून सरळच सांगितलं, "मॅडम, पोरगी निवडल्या गेली तं खेळू दे तिले. नाही तं जूनपासून कम्प्युटरचा क्लास. तुम्हीच सांगा, माह्यं काही चुकते का जी?"

काय सांगणार? त्यांच्यासमोर कम्प्युटरवर पोट भरणारी मीच उभी होते. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मी मनाशी ठरवलं, ही पोर माझ्यासारखी खेळातून सुटता कामा नये.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेट बघायची मुभा होती. मुलीला दाखवायला परदेशी पिचरचे फोटो मिळतील म्हणून मी खेळाच्या जागतिक संघटनेची साइट उघडली. पान उघडेपर्यंत डबा संपायचा. फोटो काही उघडले नाहीत, नियमांचा तक्ता तेवढा उघडला. महिला, पिचिंगचं अंतर: त्रेचाळीस फूट. मला वाटलं, टायपिंगची चूक असेल. खाली मीटरमध्येही आकडा होता. मी गणित करून पाहिलं. त्रेचाळीसच.

शनिवारी प्रिंट घेऊन मी बाईंसमोर उभी राहिले. बाईंनी चष्मा लावला, काढला.

"सही कुणाची आहे यावर?"

"बाई, ही वेबसाइट आहे."

"म्हणजे सही नाही."

मग मी जागतिक संघटनेला ईमेल करायचं ठरलं. मजकूर बाईंनी सांगितला. "अंतर बदलल्याचं आम्हांस कळवण्याची तसदी आपण का घेतली नाही, असं विचार." मी ते इंग्रजीत पुष्कळ मऊ करून लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, खाली नाव आणि हुद्दा. सभासद देशांच्या बैठकीत बदल रीतसर मंजूर झाला आहे, प्रत्येक देशाला पत्र गेलं आहे, आपल्याही. आणि शेवटी, एका शाळेनं विचारणा केली याचा आनंद वाटला.

बाईंनी ते दोनदा वाचलं. पत्र निघालं होतं, वाटेत कुठल्या तरी टेबलावर बसलं होतं. मला वाटलं, आता त्या टेबलाचा उद्धार होणार. पण बाई बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी पोरींना तीन फूट जवळून शिकवत होते." त्यांचा आवाज असा मी कधीच ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी चेंडू मोजायला गेले.

बाईंनी जुन्या दोरीला तीन फुटांचा तुकडा जोडून पाहिला. गाठीनंच अर्धा फूट खाल्ला. तेव्हा मंडईमागच्या दुकानातून नवी दोरी आणली. दुकानदार म्हणाला, "त्रेचाळीस? पंचेचाळीस घ्या, सरळ हिशेब." बाई म्हणाल्या, "हिशेब तुमचा सरळ होईल, आमचा वाकडा." आणि कापण्याआधी दोन्ही गाठी मारून त्यांच्यामधलं अंतर त्याच्याच मीटरपट्टीनं दोनदा मोजून घेतलं.

पहिल्या दिवशी मुलीचा एकही चेंडू पोचला नाही. सगळे प्लेटच्या अलीकडेच टप्पा घेत होते. तीन फूट म्हणजे काय, एक मोठं पाऊल. पण तिच्या खांद्याला ते मैलभर झालं. ती रडली, चिडली, पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ग्लोव्हजमधला तो आवाज परत आला. मी मनात म्हटलं, झालं काम. बाकीच्या जिल्ह्यांतल्या पोरी चाळिसावरूनच सराव करत असणार. चाचणीत त्रेचाळीस मोजलं की आपली तिथं एकटीच तयार.

त्याच दिवशी पी.टी.च्या खोलीत बाई पोस्टकार्डं लिहीत बसलेल्या दिसल्या. एकेका जिल्ह्याच्या मार्गदर्शकांना. 'सा.न.वि.वि. पिचिंगचे अंतर आता त्रेचाळीस फूट आहे. कृपया मुलींकडून तसा सराव करून घ्यावा. चाचणीच्या संयोजकांसही कळविले आहे.' गठ्ठ्यातली निम्मी तर आदल्या आठवड्यातच गेली होती.

माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंवर ओरडले. "तिचं सगळं या चाचणीवर आहे! जूनमध्ये तिचा खेळ बंद होईल! हे तुम्ही आपल्या हातानं..."

बाईंनी पत्ता पुरा लिहिला. मग म्हणाल्या, "नियम सगळ्यांना माहीत असला तर नियम. आपल्यालाच माहीत असला तर ती लबाडी. आपल्याला कळायला उशीर झाला म्हणून राग आला होता ना? मग तोच राग दुसऱ्या कुणाला का द्यायचा?"

माझा राग गेला नाही. चाचणीपर्यंत मी बाईंशी कामापुरतंच बोलले.

चाचणीच्या मैदानावर संयोजकांनी टेप लावून त्रेचाळीस मोजलं होतं. बाईंनी तरी आपली दोरी काढून तपासलंच. खानदेशातून आलेले एक मार्गदर्शक खिशातलं पोस्टकार्ड दाखवत बाईंच्या पाया पडले. त्यांच्या संघातली मुलगी सुरेख टाकत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. आमचीचे पहिले दोन चेंडू टप्पा घेऊन गेले. तिनं एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी फक्त मान हलवली. मग मात्र एकेक चेंडू सरळ, ग्लोव्हजमध्ये आवाज करत गेला.

संयोजकांनी यादी वाचून दाखवली. खानदेशातली मुलगी पहिली. आमची तिसरी. तिसरी म्हणजे शेवटची, पण तिसरी म्हणजे शिबिरात. तिच्या वडिलांनी यादीतलं तिचं नाव स्वतः वाचून पाहिलं. मग मला म्हणाले, "मॅडम, तं क्लासवाल्याले नाही म्हणून सांगतो मी." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

मी बाईंपाशी जाऊन म्हटलं, "तुम्ही लिहिलं नसतं तर पहिली आली असती."

"आली असती," बाई म्हणाल्या. "तयार नसलेल्या पोरींना हरवून." आणि माझ्या हातात चेंडू दिला. "तू त्रेचाळिसावरून कधी टाकलायस? शिबिरात पिचरलाही बॅट धरावी लागते, तोवर हिच्यासमोर चेंडू टाकणार कोण? मी?"

मैदान रिकामं होत होतं. मी गाठीपाशी उभी राहिले, हात फिरवला, चेंडू सोडला. प्लेटच्या वीतभर अलीकडे पडला.

बॅट खांद्यावर घेतलेली ती पोर मोकळी हसली. "ताई, पहिल्या दिवशी माझा पण तिथंच पडला होता."

मी चेंडू उचलून आणला आणि पुन्हा गाठीपाशी जाऊन उभी राहिले.