पिवळा अंगठा

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं. चाकणजवळ ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या आमच्या प्रकल्पात त्या डेन्मार्कहून आल्या होत्या. मिथेन हवेत सुटला की पृथ्वी तापते, म्हणून देशोदेशीची माणसं मिळून गळती शोधतात, त्यातल्या त्या एक. पाहुणे येणार म्हणून आम्ही दारात रांगोळी काढली. आणि गॅसच्या पाइपचा एक जोड गळतोय हे ठाऊक असूनही मी त्याच सकाळी त्यावर पिवळा रंग मारून घेतला. आज सांगतो, नोकरीची भीती होती.

बाई पन्नाशीच्या, बाह्या दुमडलेल्या. गळती सापडली की लहान मुलीसारखा अंगठा वर करायच्या. डोळ्यांना न दिसणारा गॅस टिपणाऱ्या त्यांच्या कॅमेऱ्यात रंगाआडून धूर निघताना दिसला, तशी मी मान खाली घातली. आमचा फिटर हळूच म्हणाला, "साहेब, आता पाना आणू का परत ब्रश?"

बाईंनी अर्थ विचारून घेतला आणि खो खो हसल्या. "आमच्याकडेही पाहुणे येणार म्हटलं की आधी रंगाचा डबाच बाहेर काढतात!"

मग पाना त्यांनीच धरला. जोड आम्ही दोघांनी मिळून आवळला. कॅमेऱ्यातला धूर थांबला तेव्हा त्यांनी अंगठा वर केला, ओल्या रंगाने पिवळाधमक झालेला. मीही माझा वर केला.