एकोणसाठ पाखरं

उत्तमभाऊ पत्ता टाकण्याआधी थांबायचे. पत्ता बोटांत उलटा धरलेला, हात टेबलाच्या वर अधांतरी, आणि माझ्याकडे बघून विचारायचे, "ताई, परमिट?" मी "परमिट" म्हटलं की मगच पत्ता खाली. आमच्या खेळाचा नियम असा होता की एकाने पत्ता टाकायला काढला की दुसऱ्याला उत्तर द्यायची संधी द्यायची. अमरावतीला पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलमध्ये आम्ही मुली हा खेळ खेळायचो तेव्हा ही संधी कुणी कुणाला देत नसे आणि त्यावरून आठ आठ दिवस अबोला चाले. उत्तमभाऊंना मात्र सगळ्या नियमांतला हाच एक नियम पहिल्या दिवशी, न समजावता कळला.

ते लाइनमन होते आणि मी मेडशीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा वीज उपकेंद्रात ऑपरेटर. आमच्या कामात परमिटशिवाय पान हलत नाही. लाइनमनला खांबावर चढायचं असलं की तो उपकेंद्रात फोन करतो. ऑपरेटर त्या फीडरची, म्हणजे त्या भागाला जाणाऱ्या वीजवाहिनीची, वीज बंद करतो, रजिस्टरमध्ये लिहितो आणि परमिटचा नंबर सांगतो. काम झालं की लाइनमन पुन्हा फोन करतो, "परमिट रिटर्न. माणसं खाली." तोपर्यंत फीडर चालू करायचा नाही, मग गावचा सरपंच फोनवर कितीही ओरडो. वर चढलेल्या माणसाचा जीव खाली खुर्चीवर बसलेल्याच्या हातात असतो, एवढाच याचा अर्थ.

माझी ड्यूटी चारला सुटे आणि वाशीमची बस पाचच्या आत कधी आली नाही. त्या तासाभरात मी हॉस्टेलमधला बिस्किटांचा डबा उघडून बसायची. डब्यात पाच-सहाशे पत्ते होते. राक्षस, जादूगार, पंखवाले साप, बोलणारी झाडं. त्यांतून आपल्या पसंतीचे साठ निवडून आपली गड्डी बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढवायची. उत्तमभाऊ एकदा रजिस्टरवर सही करायला आले आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"हे काय मांडून राह्यली तुमी, ताई? रमी?"

मी समजावलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे पत्ते वाटून नाई घ्यायचे. आपले सोबती आपुनच निवडाचे. हे चांगलं हाय."

मला वाटलं लाइनमन म्हणजे विजेचे पत्ते घेणार. हातातून लखलखाट सोडणारे देव, वीज पिऊन मोठे होणारे राक्षस, असे चाळीसेक पत्ते मी मोठ्या हौसेने वेगळे काढून ठेवले होते. त्यांनी त्या ढिगाला बोटसुद्धा लावलं नाही. "हे नाई पायजे. दिवसभर तेच त करतो." आणि शांतपणे एकेक पाखरू बाजूला काढायला लागले.

"पाखरंच काहून?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा सैल व्हायची.

"तारेवर बसून ज्याले काई होत नाई असं हेच एक."

मी डिप्लोमा झालेली. एकाच तारेवर दोन्ही पाय असले की शरीरातून प्रवाह का जात नाही, ते मी लगेच सांगायला लागले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "मले माईत हाय, ताई. एका तारेवर बसते, दुसरीले हात लावत नाई. मानसाले तेवढं समजत नाई."

ती गड्डी बांधायला त्यांनी दोन महिने घेतले. पत्त्यांवरची इंग्रजी नावं त्यांना नको होती, ते आपली नावं ठेवायचे. पोलादी पिसांचा कावळा त्यांच्या लेखी 'लोखंड्या' होता, तीन डोळ्यांचं घुबड 'मीटर रीडर'. आगीतून उठणारा सोनेरी पक्षी मी कौतुकाने दाखवला, तर म्हणाले, "हा दोन तारांच्या मधी बसला." मी हसून हसून बेजार. साठ पत्ते जमल्यावर त्यांनी ते तीन ढिगांत मांडले: हलकी पाखरं, मधली आणि जड. प्रत्येक ढिगात वीस. "तीन फेजवर लोड सारखा पायजे, नाई त गड्डी ट्रिप होईन." हॉस्टेलमधल्या हुशार मुली यासाठी वहीत तक्ते काढायच्या. मी अशा बाबतीत भारी खडूस आहे, एका विषयाची गड्डी म्हणजे त्यात दुसरं काही आलेलं मला खपत नाही. उत्तमभाऊंच्या गड्डीत मला एक खोट सापडली नाही. साठच्या साठ पाखरं.

मग तो दिवस आला, ज्याच्याबद्दल मी अजून कुणाशी नीट बोललेले नाही.

एकाच फीडरवर दोन परमिटं दिली होती. एक उत्तमभाऊंना, एक दुसऱ्या लाइनमनला. दुसऱ्याचा फोन आला, "परमिट रिटर्न." मी रजिस्टरमध्ये त्याची ओळ पाहिली. वरची ओळ पाहिली नाही. फीडर चालू केला आणि त्याच क्षणी तो धाडकन ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. मी वरची ओळ वाचली. उत्तमभाऊंचं परमिट अजून परत आलेलं नव्हतं.

फोन वाजला. पलीकडे उत्तमभाऊ.

"ताई, मी अजून वरच हाव."

आवाज चढलेला नव्हता. एवढंच बोलले आणि माझ्या उत्तराची वाट पाहत थांबले. परमिट असलं तरी काम सुरू करण्याआधी तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची त्यांची सवय होती. बाकीचे त्यांना हसायचे. सोडलेली सगळी वीज त्या साखळीने जमिनीत नेली.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी रडून रडून लाल झाले होते. मी म्हटलं, "उत्तमभाऊ, मी हे रजिस्टरमध्ये..."

"लिही. जसं झालं तसं लिही. लपवू नको." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'तू' म्हटलं आणि मग ते तसंच राहिलं.

मी लिहिलं. मेमो आला, चौकशी झाली, ते सगळं योग्यच होतं. पण खरी शिक्षा वेगळीच निघाली. माझ्या ड्यूटीत फोन वाजेनासा झाला. लाइनमन माझी पाळी संपायची वाट पाहायचे आणि दुसऱ्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचे. त्यांना दोष कोणत्या तोंडाने देणार? दहा दिवस मी रिकामी बसले आणि राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला. अकराव्या दिवशी फोन वाजला.

"कोन हाय ड्यूटीवर? ताई हाय का? मंग दे परमिट."

मी रजिस्टर तीनदा वाचलं. त्यांनी घाई केली नाही. तासाभराने "परमिट रिटर्न" आलं तेव्हा मी विचारलं, "खाली आले का? नक्की?" ते म्हणाले, "नक्की." पुढच्या आठवड्यात बाकीच्यांचेही फोन यायला लागले.

त्या अकराव्या दिवशीच चार वाजता आम्ही पुन्हा खेळायला बसलो, आणि पाहते तर गड्डीतला सगळ्यात ताकदवान गरुड गायब. त्याच्या जागी दरवान. फाटकाशी बसलेला एक म्हातारा, मांडीवर किल्ल्या, डोळे अर्धे मिटलेले. पत्त्यावर लिहिलेलं असं: हा जागा असेपर्यंत तुमच्या पाखरांना कुणी हात लावू शकत नाही, पण दर दुसऱ्या फेरीत हा झोपतो.

झोपणारा दरवान. मला काय समजायचं ते मी समजले. राग आला नाही, टोमणा रास्त होता. "विषय बिघडला तुमचा," एवढंच मी म्हटलं. "राहू दे," ते म्हणाले. पुढची चार वर्षं तो दरवान तिथेच राहिला, त्याच्यापायी ते माझ्याशी हरत राहिले, आणि मी कधी काही विचारलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी त्यांनी गड्डी रबर लावून माझ्यापुढे ठेवली. "घरी कोनासंग खेळू? तुह्यापाशीच राहू दे." तेव्हा मला राहवलं नाही. मी दरवान काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "हा टोमणा मला चार वर्षं टोचला, भाऊ."

ते बघतच राहिले. "टोमना? अवं बाई, त्या दिवशी घरी जाऊन मी गड्डी मांडली. पाहतो त साठच्या साठ वर. खाली कोनीच नाई. मंग कोनाच्या भरोशावर चढाव त्याईनं?"

"पण हा झोपतो ना."

"झोपते. मंग उठते. एक डाव झोपला म्हणून कोनी दरवान काढून टाकते काय?"

बस आली होती, ती मी जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी सत्कार दुपारी होता. शाल, नारळ, भाषणं. उत्तमभाऊंनी मात्र सकाळीच हट्टाने खांबावरचा एक फुटका इन्सुलेटर बदलायला घेतला. फोन आला, मी फीडर बंद केला, नंबर सांगितला. पाऊण तास मी रजिस्टरच्या त्या एका ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग फोन वाजला.

"परमिट रिटर्न. ताई, मी खाली आलो."

"नक्की?"

"नक्की. दोनी पाय मातीत हायेत."

मी ओळ पुन्हा एकदा वाचली, वरची वाचली, खालची वाचली आणि फीडर चालू केला.