डाव्या चाकाचा आवाज

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग उत्तर सिक्कीमला होतं. मी हवालदार सावंत, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. चौदा गाड्या माझ्या ताब्यात. सकाळी साडेपाचला फर्स्ट परेड, म्हणजे गाड्यांची रोजची तपासणी. थंडीत लोखंडी पाना बोटांना चिकटायचा, म्हणून आम्ही तो आधी कोटाच्या खिशात गरम करायचो.

सात नंबरची फोर बाय फोर जीप लान्स नायक प्रकाश गायकवाडकडे होती. तो शहाडचा, मी डोंबिवलीचा. हजारो किलोमीटर लांब गेल्यावर एवढ्यावर माणूस गाववाला होतो. टेंभी नाक्याच्या दहीहंडीत आपण पाचव्या थरावर चढलेलो, असं तो सगळ्यांना सांगायचा. मी ते कधी मान्य केलं नाही.

एका मंगळवारी दुपारी तो म्हणाला, जीप पूर्ण वळवली की डाव्या चाकातून टक-टक येतं. मी ऐकलं. खरं होतं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याला एक्सल म्हणतात. चाक वळलं तरी ते फिरत राहावं म्हणून त्याच्या टोकाला जॉइंट असतो, आत स्टीलच्या गोळ्या आणि ग्रीस. तो झिजला की वळताना वाजतो. नवा जॉइंट गुरुवारच्या कॉन्व्हॉयने येणार होता. अकरा नंबरची जीप इंजिन उघडून उभी होती, तिचा काढून बसवता आला असता. तीन तासांचं काम. संध्याकाळी गायकवाडने पुन्हा आठवण केली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: एक-दोन फेऱ्या चालेल.

बुधवारी सकाळी ६.१० ला वरच्या पोस्टवरून रेडिओ आला.

"पेशंट एक. पोटात तीव्र दर्द. स्ट्रेचर केस. ओव्हर."

"रॉजर. गाडी भेज रहे हैं. आउट."

त्या रस्त्यावर ट्रक वळत नाही. तयार असलेली छोटी गाडी एकच, सात नंबर. मी स्वतः सोबत बसलो. पेशंट होता शिपाई बलबीर, वय बावीस, अपेंडिक्स. खालचं हॉस्पिटल दोन तासांवर. ७.२५ ला, त्याला घेऊन उतरताना पाचव्या वळणावर, जॉइंट तुटला. तुकडे आत अडकले आणि स्टिअरिंग जाम झालं. डावीकडे दरी होती. गायकवाडने गाडी हातभर आधी थांबवली.

"दगड लाव," मी म्हणालो.

"लावला."

चाक काढलं, त्यामागचा हब काढला, तुटलेला दांडा बाहेर ओढला. गोळ्यांचे तुकडे ग्रीसमधून बोटांनी वेचले. हातमोजे घालून ते जमत नाही. पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ गायकवाड बलबीरचा हात धरून त्याला हिंदीतून दहीहंडी सांगत होता. त्या दिवशी थर सात झाले. बलबीर कण्हत कण्हत विचारत होता, खाली पडलास तर कोण झेलतं? त्यानंतर फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर, टायरांना साखळ्या लावून, गायकवाडने जीप खाली नेली. १०.०५ ला हॉस्पिटल. ऑपरेशन झालं. बलबीर आज दोन मुलांचा बाप आहे, आणि दर लोहडीला मला फोन करतो.

संध्याकाळी मेजर साहेबांनी दोघांना उभं केलं. आवाज आधी कुणी ऐकला होता, एवढंच विचारलं. मी सांगितलं, मी ऐकला होता. त्यावर गायकवाड म्हणाला, "मैंने भी, साहब. गाड़ी मैंने ली थी." मला दोनदा सांगितल्याचं त्याने सांगितलं नाही. ते मीच सांगितलं. मला लेखी ताकीद मिळाली. योग्यच होती.

दोन हिवाळ्यांनंतर त्याच रस्त्यावर बर्फाचा कडा कोसळला आणि गायकवाड गेला. तेव्हा मी निवृत्त होऊन डोंबिवलीत आलेलो.

गेल्या महिन्यात त्याच्या पत्नीचा, वैशालीवहिनींचा फोन आला. त्यांची पिवळ्या पाटीची छोटी गाडी आहे. रोज शहाडहून चार शिक्षिकांना ठाण्याला शाळेत पोचवतात.

"जय भीम, भाऊ. गाडीचा जॉइंट गेलाय म्हणतात. एकोणीस हजार सांगितलेत. दिवाळीपर्यंत ढकलता येईल का?"

"जय भीम, वहिनी. गाडी आज बाहेर काढू नका. मी येतो."

त्या दिवशी शिक्षिका रिक्षाने गेल्या. मी स्कूटरने शहाड गाठलं. मैदानात वहिनींना गाडी गोल फिरवायला सांगितलं. उजवीकडे वळताना टक-टक, डावीकडे गप्प. म्हणजे दोष डाव्या बाजूचा. खाली वाकून पाहिलं तर जॉइंटवरचा रबराचा बूट, म्हणजे त्याचं आवरण, फाटलेला, ग्रीस चाकभर उडालेलं. गाडी हळूहळू गॅरेजला नेली. दोन्ही बाजूंचे पूर्ण एक्सल बदलले की काम लवकर होतं आणि वॉरंटीही मिळते, असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, उजवी बाजू आधी वर उचलून दाखवा. उजवा जॉइंट ठणठणीत निघाला.

"काका, आरटीओत होता का?" त्याने विचारलं.

फक्त डावा जॉइंट, नवा बूट, ग्रीस आणि मजुरी मिळून चार हजारांत ठरलं. अडीच तास मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. शेवटी त्याने चहा मागवला आणि माझं स्टूल नेऊन दाराबाहेर ठेवलं. वहिनी हसू दाबत होत्या.

बाहेर बसल्या बसल्या मी त्यांना तो बुधवार सांगितला, साहेबांसमोरचं उत्तरसुद्धा. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलेलं," त्या म्हणाल्या, "की आज सावंतदादांची बोटं सोलली गेली, मी त्यांना चमच्याने डाळभात भरवला, आणि दादा लाजून लाल झाले."

हेही खरं होतं. मी विसरलेलो.

लान्स नायक प्रकाश गायकवाड. राहणार शहाड. वय एकतीस.