भोंगाताईची हाक

अतिदक्षता विभागात तिला सगळे भोंगाताई म्हणत. पंचवीस वर्षांची परिचारिका, आणि आवाज असा खणखणीत की वॉर्डबॉय म्हणे, "ताई, जरा हळू, खालच्या मजल्यावरचे पेशंट उठून बसतील." तिला त्याचा राग येत नसे. उलट छाती फुगे.

यंत्रावर श्वास घेणाऱ्याची गुंगी किती खोल, हे मोजायची रीत ठरलेली. आधी नुसतं उभं राहून पाहायचं. मग नावानं हाक मारायची, "डोळे उघडा, माझ्याकडे बघा." तरीही जाग आली नाही तर खांदा हलवायचा. जागा आणि शांत असेल तर शून्य. गुंगी खोल होत जाईल तसा उणे आकडा वाढायचा, थेट उणे पाचपर्यंत. भोंगाताईचा सगळा विश्वास हाकेवर. माझ्या हाकेला जो उठत नाही, तो खांद्याला काय उठणार? म्हणून खांदा ती नावापुरताच हलवी.

सहा नंबरच्या खाटेवर श्वासाच्या यंत्राला जोडलेला एक सूतगिरणी कामगार होता. गुंगीचं औषध थांबवून दोन दिवस झाले, तरी भोंगाताईच्या हाकेला कपाळावर आठीसुद्धा नाही. खांद्याला हात लावला तर बोटं किंचित हलली. तिनं लिहिलं, उणे चार.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "मेंदूला इजा दिसतेय. बायको आली की स्पष्ट सांगू, फारशी आशा नाही."

बायको स्वतः तापानं पडलेली; त्या दुपारी पहिल्यांदाच आली. हाक नाही, रडणं नाही. खाटेच्या लोखंडी कठड्यावर तिनं मुठीनं दोनदा ठोकलं.

त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहत राहिला.

"अहो वहिनी, मी घसा फुटेस्तोवर ओरडले..."

"गिरणीत कान गेलेत त्यांचे," ती कुजबुजली. "घरीही खाट ठोकूनच उठवते, हादरा कळतो. कुणाला सांगू देत नाहीत. मी सांगितलं म्हणू नका हं."

"अहो, आम्ही त्यांचा मेंदू गेला म्हणत होतो!"

भोंगाताईनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे धरलं, 'माझा हात दाबा.' खरबरीत बोटं तिच्या हाताभोवती घट्ट मिटली.

मग तिनं आपल्या आकड्यावर रेघ मारली, सही केली आणि खाली लिहिलं, 'ऐकू येत नाही. खाट ठोका, लिहून दाखवा.' डॉक्टरांना म्हणाली, "चूक माझी." इतक्या हळू, की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

ती परतली तेव्हा त्यानं खुणेनं पेन्सिल मागितली. वेडीवाकडी अक्षरं उमटली, 'बायकोनं सांगितलं ना?'

भोंगाताईनं बायकोकडे पाहिलं आणि खाली लिहिलं, 'नाही. कठड्यानं.'